पडक्या घराचा हिशेब

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगून गेले. पडके घर दुरुस्त करणाऱ्याची परीक्षा त्याहूनही कठीण असते. गोमंतकात जुनी घरे गुंतवणूक म्हणून घेण्याची हौस आपण पाहतोच. पैनगंगेपलीकडच्या, मराठी अजूनही कानी पडणाऱ्या आदिलाबादेत छप्पर आणि दारे-खिडक्या गेलेले, केवळ भिंती उरलेले घर स्वल्प किमतीत समोर आले, तर निवृत्त माणसाला मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र आयुष्याची पुंजी मोहाच्या हाती देता येत नाही.

येथील अनुभव तेथे जसाचा तसा उपयोगी पडत नाही. आपली घरे जांभ्याची. त्यांचे शत्रू पाऊस आणि वाळवी. आदिलाबादची काळी कापसाची जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया हलतो आणि भिंतीला तिरपे तडे जातात. असा तडा गिलाव्याने झाकतो, बरा होत नाही. म्हणून अंदाजपत्रकाचा आरंभ रंगापासून न होता पायापासून झाला पाहिजे. त्यानंतर भिंती, छप्पर, सांडपाणी, नळ, वीज आणि शेवटी फरशी व रंग, हाच क्रम योग्य. ठेकेदाराने तोंडी सांगितलेला एकरकमी आकडा म्हणजे अंदाजपत्रक नव्हे. प्रत्येक कामाचे माप आणि दर स्वतंत्रपणे लिहिलेले असावेत. दरही ताजे हवेत. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीचे आकडे आज चालणार नाहीत.

समजा, घर ८ लाखांना मिळाले आणि दुरुस्ती १२ लाखांची निघाली. उघडल्यावाचून न दिसणाऱ्या दोषांसाठी दुरुस्तीच्या १५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, राखून ठेवणे शहाणपणाचे. बेरीज २१ लाख ८० हजार झाली; मुद्रांक शुल्क आणि कर्जाचे व्याज वेगळेच. त्याच गल्लीत राहते घर २० लाखांना मिळत असेल, तर हा सौदा स्वस्त कसा म्हणावा?

तेव्हा आमचे सांगणे इतकेच की, विसार देण्यापूर्वी त्या भागातील माती ओळखणाऱ्या स्थापत्य अभियंत्याला घर दाखवावे. त्याचे शुल्क जड वाटले तरी फसलेल्या पायापेक्षा ते हलकेच असते. हिशेब जमला नाही, तर माघारी फिरण्यात कमीपणा कसला? म्हातारपणाची शिदोरी शाबूत राहिली, हाही लाभच होय.