पटलावर ठेवलेला अहवाल

अधिवेशन चालू असताना विधिमंडळात काही कागद ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवले जातात. मंत्री उठतात, शीर्षक वाचतात आणि खाली बसतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा वार्षिक अहवालही याच वाटेने येतो. आपल्या बिलातला स्थिर आकार, वहन आकार, युनिटचा भाव हा आयोग ठरवतो. आमदारांच्या हाती मात्र त्याचे कागद तेवढे येतात.

आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. दाभोळ प्रकल्पाची वीज विकत घेण्याचा राज्य वीज मंडळाचा करार त्याआधीचा. त्या महागड्या विजेने वीज मंडळाचे कंबरडे मोडले आणि २००१ मध्ये खरेदी थांबली. दर ठरवणे मंत्रालयापासून दूर का न्यावे, याला दुसरा पुरावा नको. आयोगाचा निर्णय चुकला तर अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. सभागृहाने मतदानाने दर ठरवावेत, असे मलाही वाटत नाही.

पण स्वायत्त संस्थेलाही जाब विचारणारे कोणीतरी हवे. २००३ च्या विद्युत कायद्याने त्याची सोय केली आहे. कलम १०४ प्रमाणे महालेखापरीक्षकांनी तपासलेले आयोगाचे हिशेब विधिमंडळात येतात, तर कलम १०५ प्रमाणे वार्षिक अहवाल. खरी मेख कलम १८२ मध्ये आहे. आयोगाचे विनियम म्हणजे आपल्यासाठी कायदाच. तेही दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे असतात. केंद्रीय आयोगाचे विनियम संसदेपुढे एकूण ३० दिवस ठेवले जातात आणि त्यानंतरचे अधिवेशन संपेपर्यंत संसद त्यांत बदल करू शकते, ते रद्दही करू शकते. राज्याच्या कलमात ‘ठेवावेत’ एवढेच लिहिले आहे. पुढे काय करायचे, त्याचा एक शब्दही नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

तरीही आमदार हतबल नाहीत. कृषिपंपांना स्वस्त वीज द्यायची तर कलम ६५ प्रमाणे सरकारने अनुदानाची रक्कम आगाऊ भरली पाहिजे, आणि तो पैसा मंजूर करते विधानसभाच. तो वेळेवर गेला का, हे सभागृहात विचारता येते.

अमरावती, नाशिक, पुण्यात आयोगाच्या जाहीर सुनावण्या होतात. छोटे कारखानदार, शेतकरी, ग्राहक संघटना आकडे घेऊन उभ्या राहतात. तोच अभ्यास सभागृहातही दिसला पाहिजे.

पुढच्या अधिवेशनाआधी तुमच्या आमदारांना एवढेच विचारा: आयोगाचा शेवटचा अहवाल तुम्ही वाचला का?