वहीतून गळणारी गावे

ज्युपिटर नोटबुक ही संगणकावरची वही. एका चौकटीत आज्ञा लिहायची, चालवायची, की उत्तर खालीच उमटते. २०११ मध्ये ती ‘आयपायथन’ची वही म्हणून आली, ज्युपिटर हे नाव २०१४ चे, ज्युलिया, पायथन आणि आर या संगणकभाषांवरून घडवलेले. आकडेवारीशी झटणाऱ्या माझ्यासारख्यांचे तिच्यावाचून पान हलत नाही. पण तिची एक खोड आहे: विचारल्याशिवाय ती बोलत नाही.

समजा, गावांचे दोन तक्ते आहेत. एकात लोकसंख्या, दुसऱ्यात विहिरी. पायथनमधील ‘पँडाज’ हे साधन वापरून गावाच्या नावावरून ते जोडायचे आहेत. वेगळी सूचना दिली नाही, तर पँडाज दोन्हीकडे सापडणारी नावेच ठेवते. उरलेल्या ओळी टाकून देते आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. नवा तक्ता मोठा असेल तर वरच्या पाच आणि खालच्या पाच ओळी दिसतात. मधे नुसते ठिपके. त्या ठिपक्यांत गेलेले गाव टँकरच्या हिशेबातूनही जाऊ शकते.

मराठी नावांत या गळतीला आणखी एक वाट आहे. ‘गोऱ्हे बुद्रुक’मधला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी ही दोन निराळी गावे. जनगणनेचा ग्रामसंकेतांक असेल तर प्रश्न मिटतो, पण हाताने उतरवलेल्या जुन्या नोंदींत तो कुठून आणायचा?

एकूण ओळी मोजल्या की झाले, असे वाटेल. तेवढ्याने भागत नाही. ४०० पैकी १२ गावे गळली आणि दुसऱ्या तक्त्यात १२ गावांची नोंद दोनदा असली, तर बेरीज पुन्हा ४०० च भरते!

‘स्टेटा’ या जुन्या सांख्यिकी प्रणालीला हे शहाणपण आहे. एकास एक जोडायचे की अनेकांस एक, हे ती आधी वदवून घेते. मग जुळलेल्या आणि न जुळलेल्या ओळी वेगवेगळ्या मोजून दाखवते. आर भाषेत बेंजामिन एल्बर्स यांचे ‘टायडीलॉग’ असाच हिशेब आपण होऊन देते. पँडाजमध्येही ओळ कुठल्या तक्त्यातली हे सांगणारा रकाना मिळतो, पण मागावा लागतो. शंका आलेलाच तो मागणार.

कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘ऑटोप्रोफायलर’ मांडले. वहीशेजारच्या पट्टीत रकान्यांचे आलेख आणि रिकाम्या जागा दिसतात, आज्ञा चालताच आपोआप बदलतात. कल्पना चांगलीच, तरी ४०० तली १२ गावे गेल्याने आलेखाचा आकार फारसा हलत नाही.

उलट, प्रत्येक चौकटीखाली अहवाल छापणारे साधन आठवडाभरात कुणी वाचेनासे होते. मला हवी फक्त एक ओळ, तीही ओळी गळल्या किंवा दुणावल्या तरच: ‘४०० पैकी ३८८ गावे जुळली, १२ गळली, १२ दोनदा आली.’ आणि तिच्याखाली त्या बारा गळलेल्या गावांची नावे. गोऱ्हे त्यांत दिसले, की तालुका ठाऊक असलेला माणूस आधी तो अर्धा र तपासेल.