पुनर्वाचन : एक पुनर्तपासणी

आपल्या व्यवसायात पुनर्तपासणीला मोठे महत्त्व आहे. पहिल्या भेटीत नजरेतून निसटलेले लक्षण पुष्कळदा दुसऱ्या भेटीत हाती लागते. कादंबऱ्यांच्या बाबतीत मला हाच अनुभव वारंवार आला. स्मरणिकेच्या निमित्ताने तो व्यवसायबंधूंपुढे व गावकऱ्यांपुढे ठेवीत आहे.

वांकिडीत दवाखाना थाटला तेव्हा माझ्या ट्रंकेत वैद्यकीय ग्रंथांखाली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) होती. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर आलेल्या पोरसवदा मास्तराची ही कथा. विद्यार्थिदशेत शाळा सुरू करणारा, तालीम उभारणारा तो मास्तरच मला नायक वाटे. इथे राहून वाचली तेव्हा वाडीच्या माणसांकडे लक्ष गेले. नवख्याला जवळ करायचे की नाही, हे तीच ठरवितात. मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तीन भाषांत दुखणे सांगणाऱ्या या गावानेही मला असेच हळूहळू आपलेसे केले. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळाने वाडी ओस पडते. पावसाने दगा दिलेल्या वर्षी दवाखान्यातले ओळखीचे चेहरे कामाच्या शोधात दूर जातात, तेव्हा ती पाने मला नव्याने कळतात.

दुसरी कादंबरी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!'. १८९० पासून 'करमणूक' पत्रात ती क्रमशः येऊ लागली. यमू आपली जीवनकथा स्वतःच सांगते. तरुणपणी वाटले, हा बालविवाहाचा आणि केशवपनाचा जुना प्रश्न, आता संपलेला. पुढे एक तरुण सून सासूबरोबर वरचेवर दवाखान्यात येऊ लागली. दुखणे सासू सांगे, सून मान खाली घालून बसे. मी तीन वेळा रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच सुमारास ही कादंबरी पुन्हा हाती आली आणि मी चपापलो. पुढच्या खेपेस सासूबाईंना नम्रपणे बाहेर बसविले. त्या मुलीला रात्रीची झोप नव्हती आणि पोटभर जेवणही नव्हते. तोवर मी तिला एकही प्रश्न थेट विचारला नव्हता. ही चूक माझी होती आणि ती मला एका शतकापूर्वीच्या यमूने दाखवून दिली.

तिसरी कादंबरी ताराशंकर बंद्योपाध्याय यांची 'आरोग्य निकेतन'. मूळ बंगाली कादंबरी १९५३ सालची. १९५६ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाडीवरून मृत्यूची चाहूल ओळखणारे वृद्ध जीवन मशाय आणि नव्या औषधांवर विसंबणारा तरुण डॉक्टर प्रद्योत यांचा त्यात संघर्ष आहे. पहिल्या वाचनात मी निःशंकपणे प्रद्योतच्या बाजूने होतो. आज साठी उलटल्यावर जीवन मशाय अधिक जवळचे वाटतात. त्यांचे नाडीज्ञान मी विज्ञान म्हणून स्वीकारीत नाही. पण औषधाचा उपयोग संपल्यावर रुग्णाशेजारी बसून त्याला व घरच्यांना सत्य कसे सांगावे, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविले नाही. ते धैर्य मी त्यांच्याकडून थोडेफार उसने घेतले.

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत शेजारचा राजुरा तालुका मराठी मुलखात गेला. वांकिडी इकडे राहिली. आमच्या घरांतली मराठी बोलण्याने टिकली, तशीच ती पुस्तकांनीही टिकविली. मुलांच्या शाळा तेलुगू वा इंग्रजी झाल्या असताना घरातले हे कपाट उघडे ठेवण्याची जबाबदारी आपलीच आहे.

प्रत्येक वाचनानंतर शेवटच्या पानावर तारीख घालण्याची मला सवय आहे. 'बनगरवाडी'वर आज पाच तारखा आहेत. केसपेपरसारख्या त्या एकाखाली एक वाचताना ध्यानात येते की, या पाच भेटींत तपासणी माझीच होत होती. वाचकहो, आपल्याही कपाटातील एखादे जुने पुस्तक काढा आणि आजची तारीख घाला.