परसातील कोठार : पाया खणण्यापूर्वी परवानगी

सुगी जवळ आली, की धान्याची पोती, कडबा व अवजारे ठेवण्यास घरातील जागा अपुरी पडू लागते. मग घरामागील परसात चार खांब उभारून वर पत्रे घालण्याचा बेत ठरतो. जागा आपलीच, तेव्हा परवानगीची गरज काय, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज महागात पडतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 याच्या कलम 52 अन्वये पंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून गावठाणात बांधकाम किंवा पुनर्बांधकाम सुरू करता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत छपरीदेखील इमारतच होय. विनापरवाना बांधकाम थांबविण्याचा, बदलण्याचा किंवा पाडण्याचा हुकूम होऊ शकतो. असा हुकूम ऐन मळणीच्या वेळी हाती आला, तर विटा-पत्र्यांचा खर्च वाया जातोच, शिवाय वर्षाचे धान्य उघड्यावर पडते.

कोठार शेतात बांधावयाचे असल्यास नियम निराळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 41 प्रमाणे शेतकऱ्यास आपल्या शेतजमिनीत शेतकामाची इमारत बांधता येते. अवजारे, खत, चारा व शेतमाल साठविण्याची जागा तीत मोडते. मात्र मोठ्या शहरांत, त्यांच्या भोवतालच्या ठरावीक पट्ट्यात आणि नियोजनाखालील क्षेत्रात आधी परवानगी घ्यावी लागते. तेच कोठार व्यापाऱ्यास भाड्याने दिल्यास शेतकामाची सवलत टिकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून प्रथम जागा गावठाणातील की शेतातील, हे मिळकत पत्रिका, पंचायतीचा आठ नंबरचा उतारा किंवा सातबारा पाहून ठरवावे. अर्जासोबत लांबी, रुंदी, उंची व चतुःसीमा दाखविणारा साधा नकाशा जोडणे हितावह होय. दार गल्लीत उघडू नये. पागोळ्यांचे पाणी आपल्याच जागेत पडावे. शेजाऱ्यांशी होणारे बहुतेक तंटे येथूनच सुरू होतात. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवावी.

ग्रामसेवकांच्या जागी आलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व कृषी कार्यकर्त्यांनी ही माहिती सुगीपूर्वीच ग्रामसभेत समजावून सांगावी. शेतकरी बांधवांनीही परवानगीचा लेखी कागद हाती आल्यावाचून पायावर पहार घालू नये.