फुरसुंगीचा बनेश आणि कुमारांची साहसकथा

शत्रूची गुपिते काढणाऱ्याची किंवा शत्रूच्या हस्तकाला उघडे पाडणाऱ्याची गोष्ट, म्हणजेच हेरकथा, कुमारांसाठी लिहिताना एक मूलभूत अडचण येते, कारण शाळकरी नायकाजवळ ना अधिकार असतो ना शस्त्र. ‘बालमित्र’ मासिक चालवणाऱ्या आणि ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) ही अडचण बनेश ऊर्फ फास्टर फेणे या पात्रातून सोडवली. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्या भवन शाळेत आलेला हा किडकिडीत मुलगा सायकल, चपळाई आणि तीक्ष्ण नजर एवढ्या भांडवलावर गुन्हेगारांना पुरून उरतो. प्रतापगडापासून काश्मीरपर्यंतचे खरे प्रदेश कथेत आल्यामुळे वाचणाऱ्या मुलाला साहस आपल्याही आवाक्यातले वाटते, आणि हेच या पुस्तकमालिकेचे खरे सामर्थ्य होय. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने शाळकरी फेणे साकारला, तर २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघच्या रूपाने तो तरुण झाला. चित्रपटाचे कथानक वेगवान असले तरी त्यात मूळ पात्राचे बालपण हरवले. म्हणून मराठी मुलांच्या हाती मूळ पुस्तकेच पडावीत, आणि हे काम पालकांनी व शिक्षकांनी अगत्याने करावे.