लाकडी घोडा किती किलोमीटर धावतो?

साधारण १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत अमेरिकेत लाकडी घोड्यांची काही हजार मेरी-गो-राउंड बनली. त्यांतली आज दोनशेसुद्धा चालू नाहीत. काही आगीत गेली, काही वादळवाऱ्यात. पण कितीतरी माणसांनीच मोडली, एकेक घोडा सुटा करून विकण्यासाठी.

हे घोडे अखंड ओंडक्यातून कोरलेले नसत. बासवुडसारख्या मऊ लाकडाचे तुकडे सरसाने जोडून आधी आतून पोकळ धड तयार करायचं, मग पटाशीने मान, आयाळ, खोगीर उभं करायचं. पोकळ ठेवल्यामुळे वजन कमी भरे. डोळे काचेचे, शेपूट बरेचदा खऱ्या घोड्याच्या केसांची. अमेरिकी मेरी-गो-राउंड घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून घोड्याची उजवी बाजू बघणाऱ्यांकडे येते आणि कारागिराची सगळी हौस त्या बाजूवर उतरलेली दिसते.

असा एक घोडा किती धावत असेल? हिशोब करून पाहू. बाहेरच्या रांगेतला घोडा मधल्या खांबापासून ६ मीटरवर आहे आणि मिनिटाला ५ फेरे होतात, असं धरू. एका फेऱ्यात तो सुमारे ३८ मीटर जातो, म्हणजे ताशी ११ किलोमीटरहून थोडा जास्त वेग. चार मिनिटांच्या एका खेळात ७५० मीटर. त्याच वेळी साडेचार मीटरवरचा आतला घोडा जेमतेम ५६५ मीटर जातो. एकाच वेळी सुटून एकाच वेळी थांबणाऱ्या दोन मुलांच्या प्रवासात जवळजवळ १९० मीटरचा फरक पडतो आणि तरीही कोणी कोणाच्या पुढे जात नाही.

दिवसाला शंभर खेळ झाले, तर बाहेरचा घोडा ७५ किलोमीटर धावतो. उन्हाळ्याच्या नव्वद दिवसांत जवळपास ६,८०० किलोमीटर. सहा हंगामांत त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते आणि सत्तावन्नाव्या हंगामात त्याने चंद्राइतकं अंतर कापलेलं असतं. हे सगळं बारा-पंधरा मीटर रुंदीच्या एका गोल मंडपात.

आता पैशांचे आकडे बघा. फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीने १९०५ साली डेन्व्हरच्या एलिच गार्डन्ससाठी बनवलेलं मेरी-गो-राउंड १९२८ मध्ये कोलोरॅडोतल्याच किट कार्सन काउंटीने १,२०० डॉलरला विकत घेतलं. त्यावर ४६ प्राणी होते, म्हणजे एक प्राणी २६ डॉलरला पडला. तेवढ्या खर्चावरूनही लोकांनी नावं ठेवली. पुढे मंदीच्या वर्षांत ते बंद पडलं. आज ते बर्लिंग्टन गावात चालू आहे आणि त्याचा मूळ रंगही टिकून आहे.

त्याच कंपनीचं ६१ क्रमांकाचं मेरी-गो-राउंड १९२२ सालचं, ४८ घोड्यांचं. ओहायोतल्या यंगस्टाउनचं आयडोरा पार्क बंद पडल्यावर १९८४ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि वॉलेंटास दांपत्याने ते अख्खं ३,८५,००० डॉलरला घेतलं. एका घोड्याला सुमारे ८,००० डॉलर. एव्हाना संग्राहक दिवाणखान्यात ठेवायला सुटे घोडे शोधू लागले होते. घोड्याचा भाव जितका चढे, तितका मेरी-गो-राउंडचा जीव धोक्यात येई.

जेन वॉलेंटास यांनी त्या घोड्यांवरचे रंगांचे थर धारदार पात्याने खरवडून काढले आणि मूळ रंग शोधले. दुरुस्तीला वीसहून अधिक वर्षं लागली. २०११ मध्ये ब्रुकलिनला नदीकाठी, ज्याँ नूव्हेल यांनी रचलेल्या पारदर्शक मंडपात, १,२०० दिव्यांसह ते पुन्हा फिरू लागलं. दुसऱ्याच वर्षी सँडी वादळाचं पाणी मंडपाभोवती चढलं. तेही त्याने सोसलं.

मला मात्र सर्वांत भारावून टाकतो तो एक शून्य. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन परिसरात जॉर्ज एफ. जॉन्सन यांचा जोड्यांचा मोठा कारखाना होता. लहानपणी गरिबीमुळे त्यांना या घोड्यांवर बसता आलं नव्हतं, असं सांगतात. १९२० ते १९३४ या काळात त्यांनी तिथल्या बागांना सहा मेरी-गो-राउंड दिली, सगळ्यात मोठ्यावर ७२ जनावरं. अट एकच होती, मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. सहाच्या सहा अजून टिकून आहेत.

जिथे घोड्याला भाव आला, तिथे मेरी-गो-राउंड मोडली. जिथे फेरी फुकट राहिली, तिथे ती सगळ्या गावाची झाली, आणि जी वस्तू सगळ्या गावाची असते ती विकायला कोणी धजत नाही. दिवाणखान्यातला घोडा कितीही महाग असो, तो एक मीटरही धावत नाही. जुनी मेरी-गो-राउंड जपायची असतील, तर ती फिरती ठेवली पाहिजेत.