वेजचा तळवा

वेज म्हणजे पाचर. सुतार पाचर ठोकतो ती रुतून बसावी म्हणून. गोल्फच्या बॅगेतली वेज रुतली तर घात झाला. तिनं जमिनीत जरासं शिरायचं, चेंडूखालून सरकायचं आणि पलीकडे बाहेर पडायचं. हे ती कशाच्या बळावर करते, ते कळायला काठी उलटी धरून तिचा तळवा पाहावा लागतो. दुकानात मात्र बहुतेक जण तोंडाच्या तिरपेपणाचा, म्हणजे लॉफ्टचा, 56 किंवा 60 हा आकडा वाचतात आणि पैसे मोजतात. निवड चुकते ती इथेच, असं माझं ठाम मत आहे.

या तळव्याची गोष्ट एका सुताराच्याच मुलाशी येऊन पोचते. जीन सॅरझेन 1902 साली न्यूयॉर्कजवळच्या हॅरिसनमध्ये इटालियन कुटुंबात जन्मला. मूळ नाव युजेनिओ साराचेनी. विसाव्या वर्षी त्यानं यूएस ओपन आणि पीजीए या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, पण चेंडू वाळूत पडला की त्याचा भरवसा डळमळायचा. त्या काळी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निब्लिक नावाच्या काठीनं मारत. निब्लिकची पुढची धार पातळ; ती वाळूत घुसली की घुसतच जायची. मधल्या काळात पळीसारख्या खोलगट तोंडाची एक वेज निघाली. 1930 मध्ये बॉबी जोन्सच्या बॅगेत ती होती. पण एकाच फटक्यात ती चेंडूला दोनदा लागू शकते म्हणून 1931 मध्ये तिच्यावर बंदी आली.

सॅरझेन तेव्हा विमान चालवायला शिकत होता. शेपटाकडची फळी हलली, शेपूट खाली गेलं की नाक वर उचललं जातं, हे त्यानं पाहिलं. काठीची मागची कड अशीच खाली आणली तर वाळूच तिला वर ढकलेल, हा विचार त्याला तिथे सुचला, असं तो सांगत असे. फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिची गावी त्यानं निब्लिकच्या तळव्याला डाख चढवला, कानशीनं घासला, वाळूत मारून पाहिलं, पुन्हा चढवला, पुन्हा घासला. 1932 च्या ब्रिटिश ओपनला, केंटमधल्या प्रिन्सेस मैदानावर, ती काठी अधिकाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तो रात्री कोटाखाली दडवून न्यायचा. 283 फटक्यांत, पाच फटक्यांच्या फरकानं त्यानं ती स्पर्धा जिंकली. आज प्रत्येक सँड वेजच्या पोटाला जो फुगवटा असतो, तो त्या डाखाचाच वारसा आहे.

त्या फुगवट्याचं माप म्हणजे बाऊन्स. काठीची दांडी सरळ उभी धरा. पुढच्या धारेपेक्षा तळव्याचा मागचा भाग जेवढ्या कोनानं खाली उतरतो, तो बाऊन्स. चार ते सहा अंश म्हणजे कमी, सात ते दहा मध्यम, त्याच्या वर जास्त. बाऊन्स जास्त असेल तर जमिनीला आधी पोट लागतं, धार नाही, आणि वेज खोल न जाता घसरत पुढे निघते. कमी असेल तर धार जमिनीलगत राहते आणि कडक, बोडक्या जागेवरही चेंडूखाली शिरते. यात चांगलं-वाईट काही नाही. कुणाच्या हातात आणि कुठल्या जमिनीवर, एवढंच पाहायचं.

हात कसा आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. सरावाच्या जागी दहा पिच, म्हणजे उंच छोटे फटके, मारा आणि मागे उखडलेली ढेकळं बघा. खोल, जाड ढेकूळ निघत असेल तर काठी उभी उतरते आहे. अशा हाताला रुंद तळवा आणि भरपूर बाऊन्स हवा. गवत नुसतं विंचरल्यासारखं दिसत असेल, तर जास्त बाऊन्सची वेज जमिनीवर आपटून उसळेल आणि चेंडूच्या मध्यावर लागेल. कितीतरी जण वर्षानुवर्षं आपल्या स्विंगला दोष देत राहतात आणि खरी कुरबूर हात आणि तळवा यांच्यात असते. मला याचं वाईट वाटतं, कारण तो दोष शोधायला एक सकाळ पुरते.

जमिनीचं मी स्वतः भोगलं आहे. एका नामांकित खेळाडूचं पाहून मी 60 अंशांची, चार अंश बाऊन्सची वेज घेतली. मे महिन्यात ग्रीनच्या कडेची जमीन टणक होती, तेव्हा ती सोन्यासारखी चालली. जुलैत त्याच मैदानावर, त्याच जागेवरून, ती चिखलात रुतली आणि चेंडू हातभरही हलला नाही. येरवडा काय किंवा चेंबूर काय, आपल्याकडचं मैदान वर्षातून दोनदा वेगळं होतं. परदेशी तक्त्यात मऊ आणि कडक जमिनीचे दोन रकाने असतात. इथे ते दोन्ही एकाच मैदानाचे, फक्त महिने वेगळे. म्हणून वाळूसाठी आणि पावसाळ्यासाठी दहा-बारा अंश बाऊन्सची एक, आणि कोरड्या दिवसांसाठी कमी बाऊन्सची एक, अशी जोडी मला पटते.

वेजचं तोंड उघडं ठेवून मारणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. तोंड उघडलं की पुढची धार वर उचलली जाते आणि बाऊन्सही वाढतो. ती खाली बसावी म्हणून कारागीर तळव्याची टाच आणि मागची कड घासून कमी करतात. याला ग्राइंड म्हणतात. बॉब वोकी आणि रॉजर क्लीव्हलंड यांचं नाव झालं ते या कामातून: खेळाडूचा फटका बघायचा, काठी पट्ट्याच्या सहाणेवर धरायची, परत मारायला द्यायची. सॅरझेन एकटा जे करत होता तेच. ग्राइंडची अक्षरं प्रत्येक कंपनीची निराळी, त्यामुळे अक्षर पाठ करण्यापेक्षा तळव्याचा आकार बोटानं चाचपावा.

लॉफ्टचा हिशेब त्यामानानं सोपा. आजकाल अनेक संचांतली पिचिंग वेज 44-45 अंशांवर आली आहे. तिथून चार ते सहा अंशांच्या पायऱ्या ठेवायच्या: 50, 54, 58 किंवा 50 आणि 56. बॅगेत 14 पेक्षा जास्त काठ्या नेता येत नाहीत, तेव्हा चौथी वेज घेताना कुठली लांब काठी काढणार ते आधी ठरवावं. तोंडावरच्या खाचांच्या कडा किती धारदार असाव्यात यावर 2010 पासून व्यावसायिक खेळात कडक नियम आले. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की खाचा झिजतात, आणि झिजलेल्या वेजचा चेंडू ग्रीनवर थांबत नाही.

राहता राहिला स्पर्श. जपानमध्ये हिमेजीला मिउरा कुटुंबाच्या कारखान्यात मऊ पोलाद ठोकून वेज घडतात आणि त्यांचा मऊपणा वाखाणला जातो. वोकीच्या वेज ओतीव, तरी जगातले कितीतरी अव्वल खेळाडू त्याच वापरतात. ठोकीव की ओतीव या वादात पडण्यापेक्षा दांडीचं वजन पाहावं. लोखंडी संचाला हलकी दांडी आणि वेजला जड, असं असेल तर अर्ध्या स्विंगमध्ये हाताला लय सापडत नाही. स्पर्श पुष्कळसा कानानंही कळतो. परवा मी दोन वेज घेऊन पावसानं भिजलेल्या उतारावर उभा होतो. पहिलीनं ‘थप्प’ केलं आणि ती थांबली. दुसरीनं गवत कापल्याचा बारीक, लांब आवाज केला, आणि चेंडू ग्रीनवर दोन टप्पे घेऊन उभा राहिला. मी तिला उलटी केली. तळव्यावर टाचेपासून मध्यापर्यंत ओल्या मातीचं सारखं, पातळ पुट होतं.